कैरोत आपली पुरातत्त्व संस्था हवी

इजिप्तच्या आग्नेय टोकाला, तांबड्या समुद्राच्या काठी, बेरेनिके नावाचं एक उजाड बंदर आहे. एप्रिल २०२३ मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने तिथल्या उत्खननाची बातमी जाहीर केली. इसिस देवीच्या मंदिराच्या पुढच्या अंगणात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली होती. उंची ७१ सेंटिमीटर, डोक्यामागे सूर्यकिरणांचं वलय, शेजारी कमळ. आपल्याकडे चर्चा झाली ती मूर्तीची, आणि ते साहजिकही होतं. पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती आणि ती मराठवाड्याने थांबून वाचायला हवी होती. त्या बंदरात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली सातवाहनांची दोन नाणीही मिळाली.

सातवाहन म्हटलं की प्रतिष्ठान आलं, म्हणजे आपलं पैठण. गोदावरीच्या काठावरून राज्य करणाऱ्या घराण्याचा पैसा तांबड्या समुद्राच्या वाळूत सापडतो, आणि तो उचलून स्वच्छ करून वाचणारी मोहीम कोणाची? अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाची आणि पोलंडच्या वॉर्सा विद्यापीठाने कैरोत चालवलेल्या भूमध्य पुरातत्त्व केंद्राची. त्यांनी काम उत्तम केलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझा प्रश्न आपल्याबद्दल आहे. पोलंडचं कैरोत केंद्र आहे, फ्रान्सचं आहे, जर्मनीचं आहे. भारताचं नाही. ते असायला हवं, आणि त्याची मागणी दिल्लीच्या आधी पैठण, तेर, भोकरदनच्या मुलखातून उठायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

मराठवाड्यातूनच का, ते आधी सांगतो. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचं एक टिपण लिहिलं, ते ‘पेरिप्लस’ नावाने ओळखलं जातं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, अशी नोंद त्यात आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकाच्या जातीचा पट्टेदार दगड जाई. तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमलीचे नाना प्रकार जात. हा सगळा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला पोचे आणि तिथून गलबतात चढे. ती गलबतं इजिप्तच्या ज्या बंदरांना लागत, त्यांतलं एक बेरेनिके. पुढे वाळवंट ओलांडून नाईल, नाईलवरून अलेक्झांड्रिया, आणि तिथून रोम.

म्हणजे या व्यापाराला दोन टोकं होती. एक टोक तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत आहे आणि दुसरं तिकडच्या वाळूत. आपण शंभर वर्षं एकाच टोकाशी बसून दोन्हींचा इतिहास लिहीत आलो.

कापडाचंच घ्या. आपल्या जमिनीत कापूस पिकतो, पण जुनं कापड टिकत नाही. दोन हजार पावसाळे खाल्लेल्या मातीतून तलम मलमल निघेल अशी आशा कोणी करू नये. बेरेनिकेला मात्र पाऊस जवळजवळ नाही. तिथल्या कचऱ्याच्या ढिगांत चिंध्या शाबूत राहिल्या. जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड या जोडप्याने त्या चिंध्या भिंगाखाली धरून सुताचा पीळ पाहिला. इजिप्तचा कातणारा सुताला ज्या दिशेने पीळ देई, त्याच्या बरोबर उलट दिशेचा पीळ भारतातल्या सुताला असे. त्या पिळावरून सुती कापडाचा मोठा वाटा भारतातून आलेला आहे हे कळलं. तगरच्या बाजारात जे विकलं जात होतं, तशा मालाचा हातात धरता येणारा पुरावा आज तेरला नाही, इजिप्तमध्ये आहे. त्यातली एखादी चिंधी तेरच्या मागावरची असेल का, आणि असली तर ते ठरवायचं कसं, हा प्रश्न वॉर्सातल्या संशोधकाला सुचेलच असं नाही. त्याने तेर पाहिलेलं नाही. तेरच्या माणसाने ती चिंधी पाहिलेली नाही.

तेर एकदा तरी पाहायला हवं. गोरोबाकाकांचं गाव म्हणून वारकरी जातात, विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहायला अभ्यासक जातात. गावाभोवती पांढरीची टेकाडं आहेत. पाऊस पडून गेला की माती धुपते आणि उतारावर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरं वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर या वस्तू गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातूनच तिथलं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि त्याला त्यांचंच नाव आहे. दोन साच्यांत दाबून केलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या तिथे पाहाव्यात. केसांची ठेवण आणि कानातले दागिने अजून मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. आणि तिथली ती हस्तिदंताची बाई. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना इटलीतल्या पाँपेईत एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती तिच्या जवळची. १९७३ मध्ये भोकरदनला उत्खनन झालं तेव्हा तशीच एक, तुटलेल्या अवस्थेत, तिथेही मिळाली. म्हणून काही अभ्यासक पाँपेईची मूर्ती मराठवाड्यात घडली असं मानतात. दुसरे म्हणतात, तिच्यावर खरोष्ठी या वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे, तेव्हा वायव्येकडे आणि अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंताकडे बघा. हा वाद फोटोवरून सुटणारा नाही. कोरणाऱ्याच्या हत्याराने सोडलेल्या खुणा, दाताच्या आतल्या पोकळीचा वापर, भोकं पाडायची पद्धत, हे मूळ वस्तूच्या पुढे दिवसच्या दिवस बसून पाहावं लागतं. तेरच्या मूर्तीपुढे बसलेला माणूस नेपल्सलाही तितकाच वेळ बसू शकेल, अशी व्यवस्था आपल्याकडे नाही.

अशी व्यवस्था इतर देशांनी कशी केली? अथेन्समध्ये फ्रान्सने १८४६ मध्ये संस्था काढली, जर्मनीने १८७४ मध्ये, अमेरिकेने १८८१ मध्ये, ब्रिटनने १८८६ मध्ये. त्या आजही चालू आहेत. वर्णन साधंच आहे. राहायला खोल्या, वाचायला ग्रंथालय, खापरं पसरून ठेवायला टेबलं, चित्रं काढणारा एक माणूस, वस्तू दुरुस्त करणारा एक माणूस. खोदायचा परवाना ग्रीक सरकारकडून या संस्थेमार्फत मिळतो आणि त्यावर मर्यादा असते. तरुण विद्यार्थी वर्ष-दोन वर्षं येऊन राहतात, भाषा शिकतात, गावागावांत फिरतात. त्यांतला एखादा पुढे संचालक म्हणून परत येतो. माणसं बदलतात, वही आणि टेबल तिथेच राहतं, आणि मागच्या माणसाने जिथे काम सोडलं तिथून पुढचा सुरू करतो. पुरातत्त्वाला अशी बैठक लागते. चार महिन्यांच्या दौऱ्यात खड्डा खणता येतो. खड्ड्यातून निघालेल्याचा अर्थ लावायला दहा-वीस वर्षं जातात.

‘हे श्रीमंत देशांचं काम’ असं वाटत असेल तर पोलंडकडे पाहा. कैरोतलं पोलंडचं केंद्र १९५९ मध्ये निघालं. वॉर्सा शहर महायुद्धात बेचिराख झालं होतं आणि देश अजून त्यातून उभा राहत होता. ज्यांनी हे केंद्र काढलं ते काझिमेझ मिखाउओव्स्की युद्धाची वर्षं जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत होते आणि तिथे सोबतच्या कैद्यांना पुरातत्त्वावर व्याख्यानं देत होते. सुटून आल्यावर त्यांनी सरकारला पटवलं की गरीब देशालाही हे जमतं. अलेक्झांड्रियात १९६० पासून आणि हत्शेप्सुत राणीच्या मंदिरात १९६१ पासून पोलिश लोकांचं काम चालू आहे. आस्वान धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या सुदानमधल्या फरसच्या ख्रिस्ती देवालयाच्या भिंतींवरची चित्रं त्यांनी १९६१ ते १९६४ या काळात सोडवून घेतली. काही खार्टूमला राहिली, काही वॉर्साला आली.

आता हे नीट ऐका. त्याच धरणासाठी, त्याच काळात, भारताचंही पथक नाईलवर गेलं होतं. १९६१-६२ च्या हिवाळ्यात बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने नाईलकाठच्या नुबिया प्रदेशात अफयेह इथे उत्खनन केलं. दगडी हत्यारांपासून जुन्या वस्तीपर्यंत बरंच हाती लागलं. काम चोख झालं, पथक परतलं. मागे कैरोत एक खोलीही राहिली नाही. पोलंड आणि भारत एकाच नदीवर, एकाच निमित्ताने उतरले होते. एक राहिला, एक निघून आला. बेरेनिकेत सातवाहनांची नाणी कोणाच्या हाती लागली, याचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच्या त्या फरकात आहे.

त्यानंतरही आपण बाहेर कामं केली आणि ती अभिमानाची आहेत. बामियानच्या बुद्धमूर्तींची निगा १९६९ ते १९७७ या काळात भारतीय तंत्रज्ञांनी अफगाण सहकाऱ्यांबरोबर घेतली. अंकोर वाटचं काम १९८६ ते १९९३ असं, कंबोडियात बंदुका थंडावल्या नव्हत्या तेव्हा केलं. त्यानंतर कंबोडियातलंच ता प्रोह्म मंदिर, व्हिएतनाममधली ‘मी सॉन’ची देवळं. पण ही सगळी एकेका वास्तूच्या दुरुस्तीची कामं. करार होतो, पथक जातं, करार संपतो, फाइल बंद होते. त्या देशाची भाषा शिकलेला, तिथल्या खापराचा मातीपासून रंगापर्यंत परिचय असलेला, पंधरा वर्षांनी परत जाऊन स्वतःचंच मत तपासणारा भारतीय संशोधक या पद्धतीत तयार होत नाही.

आणि खापराचा परिचय ही किती मोठी गोष्ट आहे ते पाहा. आपल्या उत्खननांच्या अहवालांत ‘रोमन अँफोरा’ हे शब्द ठिकठिकाणी येतात. अँफोरा म्हणजे दोन कानांचा उंच रांजण, त्यातून दारू, तेल, माशांचं आंबवण येई. वरचा भाग हातात आला तर कान दिसतात आणि ओळख पटते. पण बहुतेक वेळा मिळतो तो पोटाचा तळहाताएवढा तुकडा. तो ताजा मोडून कडेकडून भिंगाने पाहावा लागतो. नेपल्सच्या बाजूचा असेल तर मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे चकचकीत कण दिसतात. आतल्या बाजूला झाडाच्या डिंकाचा लेप असू शकतो. आणि आत डांबराचा काळा थर असेल, मातीचा पोत वेगळा असेल, तर तो रांजण रोमन नाहीच. तो इराक-इराणच्या बाजूचा, बिनकानांचा, टोकदार बुडाचा, ज्याला जाणकार टॉर्पेडो रांजण म्हणतात. रॉबर्टा टोंबर या अभ्यासिकेने या शतकाच्या पहिल्या दशकात भारतभरच्या संग्रहांतली खापरं पुन्हा तपासली. रोमन म्हणून नोंदवलेले बरेच तुकडे या दुसऱ्याच जातीचे निघाले. त्यांना ते ओळखता आलं, कारण बेरेनिकेची खापरं त्यांनी वर्षानुवर्षं हाताळली होती.

हा फरक छोटा नाही. दख्खनच्या बाजारांचा संबंध फक्त रोमशी होता आणि रोम खचल्यावर ते ओस पडले, अशी मांडणी आपण विद्यार्थ्यांना शिकवत आलो. डांबर लावलेले रांजण येत राहिले असतील तर इराणच्या आखाताशी देवघेव पुढेही चालू होती, आणि मग आपल्या शहरांच्या उतरणीचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. एवढा मोठा प्रश्न खापराच्या मोडलेल्या कडेवर उभा आहे. आणि ती कड वाचायला शिकायचं तर ढिगाने रांजण जिथे आहेत तिथेच राहावं लागतं. तेरच्या पेट्यांतले तुकडे घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याने तुलनेसाठी पाहायचं तरी काय? पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या रेखाकृतीवरून हे ज्ञान हातात येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो मराठवाड्यात फार जोरात येतो. ‘आधी घरचं बघा.’ पांढरीची माती ट्रॉल्या भरून जाते, टेकाडांवर घरं चढतात, दुष्काळ आहे, पाणी नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही इजिप्तच्या गोष्टी करता. या आक्षेपामागचं दुःख मी खरं मानतो. टेकाडं वाचवण्याचं काम आजचं आहे, त्याला उद्याची तारीख चालणार नाही. पण घरचं काम आणि बाहेरचं शिक्षण ही दोन वेगळी खाती आहेत ही समजूत मात्र चुकीची आहे. हसमुख सांकळिया लंडनला शिकायला गेले, पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम केलं, परत येऊन १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले, आणि दख्खनच्या पुरातत्त्वाला शिस्त आली. थर वाचायची जी पद्धत आज आपल्या प्रत्येक उत्खननात वापरली जाते, ती अशा माणसांच्या मार्फतच इथे रुजली. बाहेर जाऊन शिकलेला एक शिक्षक दोन पिढ्या घडवतो. आणि खर्चाचं म्हणाल तर मी महाल मागत नाही. एक भाड्याचं घर, सहा-सात माणसं, एक ग्रंथालय, एवढ्यावर पुष्कळ देशांच्या संस्था सुरू झाल्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय ही मागणी करू नये. परदेशी पुरातत्त्व संस्था ही साम्राज्यांची पोर आहे. ग्रीसमधल्या डेल्फीला फ्रेंचांनी १८९२ मध्ये खोदायला घेतलं तेव्हा वर वसलेलं अख्खं कास्त्री गाव उठवून दुसरीकडे नेलं गेलं. अफगाणिस्तानात १९२२ पासून उत्खननाचा मक्ताच एका फ्रेंच संस्थेकडे होता आणि सापडलेल्या वस्तूंची काबूल आणि पॅरिसमध्ये वाटणी होई. धरणासाठी गाव उठणं म्हणजे काय हे नाथसागराच्या काठच्या माणसांना सांगावं लागत नाही. मग आपण तेच करायला निघालो आहोत का?

नाही, आणि तसं करताही येणार नाही. इजिप्तच्या १९८३ च्या कायद्याने सापडलेली वस्तू इजिप्तची झाली. प्रत्येक परदेशी मोहिमेबरोबर तिथल्या खात्याचा निरीक्षक असतो. आज परदेशी संस्था पाहुणी म्हणून असते आणि यजमानाचे नियम पाळते. चांगली पाहुणी कशी असते त्याचं उदाहरण शेजारीच आहे. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात इटलीचं पथक ज्युझेप्पे तुच्ची यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात उतरलं आणि तिथेच राहिलं. तालिबानने २००७ मध्ये जहानाबादच्या कातळावरच्या बुद्धाचा चेहरा उडवला. पुढे तो चेहरा पुन्हा जुळवणारे हात याच पथकाचे आणि त्यांनी तयार केलेल्या स्थानिक कारागिरांचे होते. संकटाच्या वेळी कोणाला बोलवायचं हे स्वातच्या लोकांना ठाऊक होतं, कारण ती माणसं पिढीभर ओळखीची होती. पुदुच्चेरीतली फ्रेंच संशोधन संस्था १९५५ ची. तिथे शैवागमांची हस्तलिखितं वाचणारे आणि संपादणारे तमिळ पंडित त्या संस्थेचेच लोक आहेत.

आपण स्वतः यजमान म्हणून काय अनुभवलं आहे, हेही यात धरायला हवं. अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना आणलं. त्या काळातलं उत्तम ज्ञान घेऊन ती माणसं आली. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, तो अजून टिकला आहे, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण चित्रांवर चढवलेला लाखेचा लेप वर्षं गेली तसा पिवळा, मग तपकिरी होत गेला, त्याला भेगा पडल्या. त्याआधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी नकला करताना चढवलेलं वार्निश होतंच. तो थर उतरवण्यात आपल्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या गेल्या. येऊन परत गेलेल्या माणसाला आपल्या उपचाराचा दहाव्या वर्षीचा परिणाम दिसत नाही. दोष त्या दोघांचा नाही, दौऱ्यावर बोलावण्याच्या पद्धतीचा आहे.

पैठणची गोष्ट अलीकडची. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि ब्रिटिश अभ्यासक यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. डेरेक केनेट, वरप्रसाद राव आणि कस्तुरीबाई यांचा अहवाल २०२० मध्ये छापून आला. चौथ्या ते नवव्या शतकातल्या दोन देवळांची वाढ त्यात थरागणिक दाखवली आहे, छोट्या देव्हाऱ्यापासून रीतसर मंदिरापर्यंत. जळलेले धान्याचे दाणे आणि जनावरांची हाडं यांवरून त्या काळी लोक काय पिकवत, काय खात, तेही मांडलं आहे. देवळांचा जन्म इतक्या जवळून दाखवणारं काम देशात फार थोडं आहे. पुस्तक कोणालाही फुकट उतरवून घेता येतं, ही त्यांची मोठी उदारता. पण खोदकाम आणि अहवाल यांत वीस वर्षांच्या वर गेली, आणि तो इंग्रजीत आहे. पैठणच्या घाटावर वाढलेल्या शाळकरी मुलाला त्याच्या गावाच्या पोटात काय निघालं ते मराठीत वाचायला मिळत नाही. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदनला १९७३ मध्ये खोदलं आणि १९७४ मध्ये अहवाल काढला होता. एवढी चपळाई याच मातीत होती.

तेव्हा इथे येणाऱ्या प्रत्येक परदेशी मोहिमेला आपण हक्काने सांगावं: ठरल्या वर्षांत अहवाल द्या, त्याचा मराठी सारांश द्या, वस्तू जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवा, गावच्या दोन-चार पोरांना चित्रं काढायला आणि खापरं निवडायला शिकवून जा. आणि आपण इजिप्तमध्ये जाऊ तेव्हा हाच नियम स्वतःला लावावा. आपला अहवाल अरबीत निघाला पाहिजे. ज्यांच्या जमिनीवर खोदतो, त्यांच्या मुलांना तो वाचता आला पाहिजे. साम्राज्याचा मार खाल्लेला देश पाहुणा म्हणून जातो तेव्हा तो अधिक शहाणा पाहुणा असला पाहिजे.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती तिसऱ्याच गोष्टीची. असं केंद्र निघालंच, तर त्याच्याकडून ‘आपली संस्कृती तिथवर पोचली होती’ एवढंच सिद्ध करून आणायची अपेक्षा केली जाईल. बेरेनिकेच्या बुद्धाबद्दल आपल्याकडे तेच झालं. मूर्ती भारतीय म्हणून मिरवली गेली. प्रत्यक्षात तिचा संगमरवर बहुधा आजच्या तुर्कस्तानातला आहे आणि ती बेरेनिकेतच घडली असावी असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे. मग तिची खरी थोरवी केवढी वाढते पाहा. तुर्की दगड, इजिप्तचं बंदर, रोमन वळणाची कारागिरी, गाभ्यात बुद्ध, आणि जागा इसिसच्या देवळाचं अंगण. त्याच देवळात रोमन बादशहा फिलिप याच्या काळातला, म्हणजे इसवी सन २४४ ते २४९ मधला, संस्कृत लेखही मिळाला. कोणी तरी परमुलखातला व्यापारी तिथे राहिला, दुसऱ्याच्या देवाच्या दारात आपला देव बसवता आला, आणि तिथल्या लोकांनी तो बसू दिला. विजयाच्या आरोळीत ही माणसं ऐकू येत नाहीत. म्हणून या संस्थेचा कारभार विद्यापीठांच्या हाती असावा, संचालकाची निवड अभ्यासावर व्हावी, आणि ‘काही सापडलं नाही’ असं लिहायची मोकळीक तिला असावी.

संस्थेचं रूप माझ्या मनात असं आहे. कैरोत एक घर. पाच वर्षांसाठी एक संचालक. एक खापरांचा जाणकार, एक कापड आणि लाकडाचा जाणकार, कारण बेरेनिकेत सापडणारं सागवान आपल्याकडचंच आहे आणि एका रांजणात मिळालेली साडेसात किलो काळी मिरी मलबारची. पैसा केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचा, पण विद्यार्थ्यांच्या जागा व्यापाराच्या या टोकाकडच्या विद्यापीठांना वाटून दिलेल्या: मराठवाडा, सोपाऱ्यासाठी मुंबई, भडोचसाठी बडोदा, मिऱ्यांच्या किनाऱ्यासाठी केरळ. दिल्लीच्या एकाच दालनातून यादी ठरली तर तेरची पोरगी त्या यादीत कधी येणार नाही. तिला अरबी शिकवायची सोय आधी संभाजीनगरला करावी लागेल. जुनी उर्दू-फारसीची परंपरा असलेल्या या शहरात ते अवघड नाही.

दिल्ली हलेपर्यंत हातावर हात धरून बसायचंही कारण नाही. वॉर्साच्या केंद्राशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने करार करावा, दर हंगामात एक विद्यार्थी बेरेनिकेला आणि त्यांचा एक तेरला. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने तेर आणि पैठणच्या संग्रहालयांतली खापरं नव्याने तपासायला द्यावीत, रोमन कोणती आणि डांबराची कोणती ते एकदा ठरू द्या. पैठणच्या अहवालाचा मराठी सारांश विद्यापीठाच्या इतिहास विभागातले चार प्राध्यापक एका वर्षात करू शकतात. आणि मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून निवडून जाणाऱ्या खासदारांपैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात संस्कृती मंत्र्यांना सरळ विचारावं की कैरोत भारताची पुरातत्त्व संस्था का नाही, आणि ती कोणत्या वर्षी होणार.